म्हातारपणाचं बिल कोण भरणार?

नमस्कार ताई,

मी 41 वर्षांचा, नाशिकला अंबडमधल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. बायको शिक्षिका, मुलगी सातवीत. गावचा एनए प्लॉट विकून माझ्या वाट्याला 18 लाख आले आहेत. पुढची वीस वर्षं जे चालणार आहे त्यात ते घालायचे आहेत. सगळीकडे वाचतोय की भारत म्हातारा होत चाललाय आणि पुढचा पैसा 'सिल्व्हर इकॉनॉमी'त आहे. जपानमध्ये म्हणे बाळांपेक्षा मोठ्यांचे डायपर जास्त खपतात. माझ्या डोक्यात तीन गोष्टी आहेत. एक, आरोग्य क्षेत्राचा थीमॅटिक फंड. दोन, तळेगावजवळ ज्येष्ठांसाठीच्या प्रकल्पात 75 लाखांचा वन बीएचके. बाकीचं कर्ज काढेन. विकणारा म्हणतो महिना 22 हजार भाडं आरामात येईल. तीन, एक मित्र बंगला भाड्याने घेऊन वीस खाटांचं केअर होम काढतोय, 10 लाखांत भागीदारी देतो म्हणाला. आई-बाबा (68 आणि 72) आमच्याजवळच असतात, बाबांचे गुडघे सोडले तर सगळं ठीक. असे ट्रेंड आधीच कसे ओळखायचे? आणि तुम्ही स्वतः कशात पैसे ठेवता, तेही सांगा.

– एक वाचक, नाशिक

नमस्कार,

पत्र वाचून हसू आलं. ज्या ट्रेंडवर तुम्ही पैसे लावायला निघालात, तो ट्रेंड म्हणजे मीच. वय 69, बँकेतून निवृत्त, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झालेत, रक्तदाबाची गोळी सकाळी आणि थायरॉइडची त्याच्याही आधी. तेव्हा हे उत्तर थेट मालाकडूनच येतंय असं समजा.

एक नेहमीचं सांगून टाकते. मी सेबीकडे नोंदणी केलेली गुंतवणूक सल्लागार नाही. अमुक शेअर घ्या, तमुक फंड घ्या असं या सदरात कधी येत नाही, आजही येणार नाही. आणि पत्रातून एक गोष्ट कळली नाही: ते 18 लाख भांडवली नफ्याचा कर भरून उरलेले आहेत की भरायचाय अजून? भरायचा असेल तर पुढचं वाचायच्या आधी सीएला फोन करा.

आता तुमचा मुद्दा. आकडे तुम्ही वाचलेत ते खरे आहेत. 2022 मध्ये देशात साठी ओलांडलेले साधारण 14.9 कोटी होते. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा 2023 चा अहवाल म्हणतो की 2050 पर्यंत ते 34.7 कोटी होतील, म्हणजे पाचांत एक. महाराष्ट्र त्यात जरा पुढेच आहे. 2011 च्या जनगणनेत देशात ज्येष्ठ 8.6 टक्के होते, तेव्हा आपल्याकडे 9.9 आणि गोव्यात 11.2. 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातला जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, 1.7 वर आला होता. आणि यात अंदाजाचा भाग फार थोडा आहे. 2045 मध्ये सत्तरीत असणारा माणूस आज पन्नाशीत आहे, सकाळी टेकडीवर चालायला येतो, मी त्याला ओळखते.

पण जे मला टेकडीवर दिसतं ते मुंबईत बसलेल्या फंड मॅनेजरला वीस वर्षांपूर्वीच दिसलंय. पाऊस पडणार हे अख्ख्या गावाला माहीत असताना छत्र्यांचं दुकान काढून कोणी श्रीमंत होत नाही. बाजारात सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीची किंमत भावात आधीच चढलेली असते. म्हणून मी म्हातारे मोजत बसत नाही. मी एकच विचारते, याचं बिल कोण भरणार आहे?

तुमच्या जपानकडेच बघू. डायपरची गोष्ट खरी आहे. युनिचार्म या कंपनीचे जपानमधले मोठ्यांचे डायपर 2011 मध्येच बाळांच्या डायपरच्या पुढे गेले. ओजी होल्डिंग्जने तर 2024 मध्ये जाहीर केलं की जपानमध्ये बाळांचे डायपर करणंच थांबवतो, आता मोठ्यांच्यावर भर. लोक इथवर वाचतात आणि उडी मारतात. त्यामागे काय आहे ते कोणी सांगत नाही. जपानने एप्रिल 2000 मध्ये देखभाल विमा सुरू केला, सक्तीचा. वयाची चाळिशी आली की प्रत्येकाने हप्ता भरायचा. तुम्ही जपानमध्ये असता तर गेल्या वर्षापासून तुमचा हप्ता सुरू झाला असता. त्या पैशातून म्हाताऱ्याला घरी मदतनीस मिळते, डे केअर मिळतं, आणि बहुतेकांना स्वतः भरावा लागतो तो खर्चाचा दहावा हिस्सा. तिथला हा सगळा उद्योग उभा राहिला तो या विम्यावर. आणि त्याचीही गंमत बघा, कुठल्या सेवेला किती पैसे द्यायचे हे सरकार ठरवतं आणि दर तीन वर्षांनी बदलतं. गिऱ्हाईक हमखास, भाव मात्र आपल्या हातात नाही.

आपल्याकडे भाव हातातून कसा जातो, ते तुमच्या बाबांच्या गुडघ्यांवरून सांगते. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राने हृदयाच्या स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली आणि ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटवर. माणसं तीच, झिजलेले गुडघे तेच, आदल्या आठवड्याइतक्याच शस्त्रक्रिया. पण इम्प्लांटवरचा नफा एका आदेशात उतरला. पेशंट म्हणून मला ते बरंच वाटलं. गुंतवणूकदार म्हणून तुम्हाला हे धरून चालावं लागेल की म्हाताऱ्यांना लागणारी वस्तू जितकी अत्यावश्यक, तितका सरकारचा हात तिच्या किमतीपर्यंत लवकर पोचतो. निवडणुकीत मतदान चुकवत नाही ती आमचीच पिढी.

आता इंग्लंडमधली एक गोष्ट. ती तुमच्या मित्रालाही वाचून दाखवा. सदर्न क्रॉस नावाची तिथली सर्वांत मोठी केअर होम कंपनी होती. 750 च्या आसपास केंद्रं, 31 हजार वृद्ध. 2006 मध्ये शेअर बाजारात आली तेव्हा सगळे हेच म्हणत होते की म्हातारे वाढणार, कंपनी वाढणार. म्हातारे वाढलेही. कंपनीने काय केलं होतं, तर इमारती विकून टाकल्या आणि त्याच इमारती दीर्घ मुदतीच्या भाड्याने परत घेतल्या, दरवर्षी भाडं वाढेल असे करार करून. हातात पैसा आला, त्यातून आणखी केंद्रं. पुढे सरकारी खर्चाला कात्री लागली. तिथल्या पुष्कळ वृद्धांचं बिल नगरपालिका भरतात, त्यांनी दर आवळले, खाटा रिकाम्या राहू लागल्या. भाडं मात्र करारानुसार चढतच होतं. 2011 मध्ये कंपनी कोसळली, 31 हजार म्हाताऱ्यांना उद्या कोण बघणार हा प्रश्न संसदेपर्यंत गेला. तुमचा मित्र बंगला भाड्यानेच घेतोय ना? करार किती वर्षांचा आहे आणि दरवर्षी भाडं किती टक्क्यांनी वाढणार आहे?

हे झालं परदेशाचं. आता माझ्या घरातलं सांगते, कारण मला जे काही कळलंय ते तिथेच कळलं.

सासूबाई 91 व्या वर्षी न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर त्या चौदा महिने होत्या, अंथरुणावर. आम्ही ब्युरोमार्फत बाई ठेवली, म्हणजे दोन बायका, दिवसपाळी आणि रात्रपाळी. बारा तासांचे आठशे रुपये. दोन पाळ्यांचे रोज सोळाशे, महिन्याचे 48 हजार. माझं पेन्शन आणि यजमानांचं पेन्शन मिळून ते भागलं, कारण आम्ही दोघंही जुन्या पेन्शनचे. त्यातले बायकांच्या हातात किती पडायचे हे मी एकीला विचारलं, तर ब्युरोवाला रोजचे दीडशे ठेवून घ्यायचा. तरीही त्याचं रडगाणं संपायचं नाही, आणि ते खोटं नव्हतं. बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर टिकत नाहीत, गणपतीला गावी गेल्या की आठ दिवस फोन बंद. त्या चौदा महिन्यांत आमच्याकडे अकरा मावश्या येऊन गेल्या. मागणी इतकी की त्याला जेवायला फुरसत नाही, आणि तरी तो पाच वर्षांत ब्युरो वाढवू शकला नव्हता. या धंद्यात ताण मागणीचा नाहीच, ताण हातांचा आहे. ज्या धंद्यात माणसाचे हात लागतात आणि ते हात पळून जातात, तिथे गिऱ्हाइकांची रांग बघून हुरळून जायचं नाही.

उलट सर्जिकलचा दुकानदार बघा. खाट, गादी, व्हीलचेअर, ऑक्सिजनचं मशीन, सगळं भाड्याने. सासूबाई गेल्यावर तेराव्यानंतर मी त्याला फोन केला, खाट घेऊन जा म्हणून. तो दुपारी टेम्पो घेऊन आला, आणि त्याच टेम्पोतून ती खाट संध्याकाळी दुसऱ्या घरी गेली. मला त्या वेळी ते फार लागलं. नंतर विचार केला, किती वर्षं वापरता एक खाट? म्हणाला, रंग मारत मारत दहा वर्षं सहज. मी विचारलं, सगळ्यात जास्त काय जातं? तर म्हणाला, वॉकर पुष्कळ जातात पण लोक परत येत नाहीत, एकदा घेतला की कोपऱ्यात उभा. परत परत येतात ते डायपरला, आणि शुगरच्या पट्ट्यांना.

ट्रेंड कसा ओळखायचा हे तुम्ही विचारलंत. मला तरी याहून चांगली पद्धत माहीत नाही. तुमच्या कॉलनीतल्या सर्जिकलच्या दुकानात, रक्त तपासणीवाल्याकडे, केमिस्टकडे जाऊन विचारा की साठीच्या पुढचं गिऱ्हाईक दर महिन्याला कशासाठी परत येतं आणि पैसे कोण देतं, तो स्वतः, मुलगा, की विमा कंपनी. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा, महिन्याच्या गोळ्या, चष्मा, कानाचं यंत्र, दात. ही बिलं लहान आहेत, म्हातारा ती स्वतःच्या खिशातून भरतो, कुणाची परवानगी मागत नाही. मुलाला अमेरिकेत फोन करून विचारावं लागतं ते 48 हजारांचं बिल. ते कधीही थांबू शकतं.

खिशाचं निघालंच आहे तर तेही बघून घेऊ. 2011 च्या जनगणनेत देशातल्या ज्येष्ठांपैकी 71 टक्के खेड्यात राहत होते. तुमच्यासारख्या कारखान्यातून निवृत्त होणाऱ्याला ईपीएस-95 चं, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचं, किमान पेन्शन 2014 पासून महिना 1,000 रुपये आहे. श्रावणबाळ योजनेत महिना 1,500 मिळतात. 2024 मध्ये राज्याने वयोश्री योजना आणली, चष्मा, काठी, कानाचं यंत्र यांसाठी 65 च्या पुढच्या गरीब ज्येष्ठांना एकदाच 3,000. यावरून बाजाराचा अंदाज बांधा. 34 कोटी म्हातारे हा आकडा मोठा दिसतो, पण तळेगावचा फ्लॅट घेऊ शकणारे त्यात किती? कोथरूड, डोंबिवली, ठाणे, तुमचं गंगापूर रोड, बस. ज्यांची मुलं बाहेर आहेत आणि ज्यांच्याकडे पेन्शन किंवा घर आहे, तेवढेच. 75 च्या पुढच्यांना एसटी फुकट झाली ऑगस्ट 2022 पासून, तेव्हापासून आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातले काका दर महिन्याला पंढरपूर, अक्कलकोट करतात. प्रवास वाढला, हे खरंच. पण तिकीट सरकार भरतंय, आणि चहा ते घरून थर्मासमध्ये नेतात.

आणखी एक चूक सगळे करतात, तुमच्याही पत्रात आहे ती. आजच्या पंच्याहत्तरीच्या माणसाकडे बघून 2045 चा अंदाज बांधायचा. अहो, तो माणूस वेगळा असेल! माझ्या पिढीला बँकेत, शाळेत, सरकारी कचेरीत जुनं पेन्शन मिळालं. केंद्राने ते 1 जानेवारी 2004 पासून नव्यांसाठी बंद केलं, महाराष्ट्राने 1 नोव्हेंबर 2005 पासून. पुढे कर्मचाऱ्यांच्या रेट्याने थोडंफार परत फिरलं, तरी खासगीत काम केलेल्या तुमच्या पिढीचा मोठा भाग साठीला पोचेल तो जवळजवळ पेन्शनविना. हातात पीएफची रक्कम, थोडे म्युच्युअल फंड आणि एक फ्लॅट, ज्याची किंमत कोटीत आणि ज्यातून महिन्याला शून्य रुपये निघतात. एक मूल, फार तर दोन. यूपीआय सराईतपणे वापरणारा, दुकानात न जाणारा, मुलाकडे मागायला लाजणारा. त्याला हवी असेल ती गोष्ट म्हणजे साठवलेल्या पैशातून दर महिन्याचा पगार. माझा एकच ठाम अंदाज मागाल तर हाच. ॲन्युइटी (एकरकमी पैसे देऊन घेतलेलं आयुष्यभराचं पेन्शन), म्युच्युअल फंडातून दरमहा पैसे काढण्याची सोय, घर गहाण ठेवून पैसे, या सगळ्याला गिऱ्हाईक वाढेल. घर गहाण ठेवून दरमहा पैसे मिळण्याची योजना, रिव्हर्स मॉर्गेज, 2007 मध्येच आली होती. मी बँकेत असताना तिचं माहितीपत्रक काउंटरवर ठेवलं होतं. माझ्या सगळ्या नोकरीत एक गृहस्थ आले चौकशीला, दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा आला, तणतणत. योजना वीस वर्षं आधी आली इतकंच. बरोबर ट्रेंडमध्ये वीस वर्षं आधी शिरलेल्या माणसालाही तोटाच होतो.

तर आता तुमच्या तीन गोष्टी.

तळेगावचा फ्लॅट घेऊ नका. 22 हजार भाडं म्हणजे वर्षाला 2 लाख 64 हजार, 75 लाखांवर साडेतीन टक्के, त्यातून मेंटेनन्स आणि रिकामे महिने वजा. 57 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलंत तर हप्ता जवळजवळ 50 हजार. म्हणजे दर महिन्याला 28 हजार तुमच्या पगारातून, मुलगी बारावीत असतानाही. मुद्रांक शुल्क वेगळं, बांधकाम चालू असेल तर जीएसटीही. कर्ज फिटेल तेव्हा तुम्ही 61 वर्षांचे व्हाल, स्वतःच तिथे राहायला पात्र! शिवाय अशा प्रकल्पांत राहणाऱ्याचं वय अमुकच असावं अशी अट अनेकदा करारात असते. म्हणजे भाडेकरूही म्हातारा हवा आणि उद्या विकायला काढलात तर घेणाराही त्याच्या म्हाताऱ्यासाठीच घेणार. महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाने, 2024 मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी रुंद दारं, न घसरणाऱ्या फरशा, दांड्या वगैरे नियम घालून दिले ते चांगलंच झालं, तिथे राहायला जाणाऱ्याच्या दृष्टीने. तिथे कुणी आनंदाने राहत असेल यात मला शंका नाही, पुण्यात माझ्या दोन मैत्रिणी राहतात. पण ते स्वतःसाठी घ्यायचं घर आहे, भाड्यासाठी नव्हे.

वय वाढलं की काय चढेल हे सगळे विचारतात, काय पडेल हे विचारत नाहीत, म्हणून घरांबद्दल थोडं आणखी. जपानमध्ये 2023 च्या पाहणीत 90 लाख घरं रिकामी निघाली. लांब कशाला, 2001 ते 2011 मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी जिल्ह्याची 4.8 टक्क्यांनी घटली, सिंधुदुर्गाची 2.2 टक्क्यांनी. कोकणात जा, गणपतीचे दहा दिवस सोडले तर कुलूप लावलेली घरं मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. आमच्या पेठेत बिनलिफ्टच्या तीन मजली इमारतींमधले वरचे मजले भाव पाडूनही जात नाहीत. तिथले म्हातारे पुनर्विकासाला हो म्हणतात ते जादा चौरस फुटांसाठी म्हणता? मी अशा चार सभांना बसले आहे. पहिला प्रश्न लिफ्ट कधी होणार, हा असतो. तुमचा स्वतःचा फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे?

मित्राचं केअर होम. मित्र चांगला असेल, कामही पुण्याचं आहे. पण साध्या भागीदारी संस्थेत फर्मचं कर्ज प्रत्येक भागीदाराच्या घरादारापर्यंत येऊ शकतं, 10 लाखांवर ते थांबत नाही. रात्री दोन वाजता आजोबांना धाप लागली तर कोण नेणार, गडी रजेवर गेला तर डायपर कोण बदलणार, आणि तीन महिने ज्याच्या मुलाने पैसे पाठवले नाहीत त्या आजींना तुम्ही बाहेर काढणार का? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला देता येणार नाही, मलाही आलं नसतं, आणि माझ्या मते हा धंदा तिथेच अडतो. मदत करायचीच असेल तर एक लाख द्या, परत येणार नाहीत असं समजून.

थीमॅटिक फंडाला माझा राग नाही. फक्त नवा फंड बाजारात येतो तो बहुतेकदा त्या क्षेत्राचे भाव चढून गेल्यावर, कारण तेव्हाच तो विकला जातो. आणि निफ्टी 50 चा साधा इंडेक्स फंड, म्हणजे त्या यादीतल्या पन्नास मोठ्या कंपन्यांत आपोआप पैसे घालणारा, घेतलात तर औषध कंपन्या, मोठी रुग्णालयं, आयुर्विमा कंपन्या त्यात आधीच आहेत. हौसच असेल तर दीड-दोन लाख घाला, दहा वर्षं बघू नका. बाकीचे इंडेक्स फंडात, एकदम नको, वर्ष-दीड वर्षात हप्त्याहप्त्याने.

पण सगळे 18 लाख नाहीत, कारण तुम्ही एक बिल विसरलात. बाबांचे गुडघे तुम्ही पत्रात एका वाक्यात उडवून लावलेत. बाबा 72 चे आहेत ना? ऑक्टोबर 2024 पासून 70 पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. कार्ड काढावं लागतं, आधारवर, मोबाइलवरूनही होतं. नाशिकमधलं कुठलं रुग्णालय त्यात आहे आणि गुडघा बदलणं तिथे त्यात बसतं का, ते शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी विचारा. आई 68 ची, तिला हे अजून दोन वर्षं मिळणार नाही. तिच्यासाठी पॉलिसी बघा. 65 नंतर पॉलिसीच नाही हे बंधन 2024 मध्ये गेलं, आधीच्या आजारांसाठी थांबायची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं झाली आणि सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही. हप्ता तरीही जड जाईल. भरा. आणि 18 पैकी पाच लाख साध्या एफडीत, तुमच्या आणि बायकोच्या नावावर, आई-बाबांचे म्हणून बाजूला ठेवा. त्यांच्या नावावर बचत असेल आणि ती नुसती सेव्हिंग खात्यात पडली असेल तर पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना दाखवा त्यांना. एप्रिल 2023 पासून दर 8.2 टक्के आहे, दर तीन महिन्यांनी व्याज हातात येतं, आणि एकेकाला 30 लाखांपर्यंत ठेवता येतात.

शेवटचा प्रश्न, मी स्वतः कशात पैसे ठेवते. याच पोस्टाच्या योजनेत बराचसा भाग, एक इंडेक्स फंड नातवासाठी म्हणून चालू ठेवलेला, थोडं सोनं जे मोडायचं नाही. आणि गेल्या दिवाळीत न्हाणीघरात आणि संडासात मिळून तीन स्टीलच्या दांड्या बसवल्या, प्लंबरसकट साडेचार हजार. ड्रिल मारताना एक टाइल तडकली. यजमान रोज त्या टाइलबद्दल कुरकुरतात, दांडी धरून.